थंड होईपर्यंत

पांढरकवडा सोडून करंजीकडे निघालात
की डाव्या हाताला माझं शेड लागतं, टायरावर नाव रंगवलेलं :
इस्तारी ऑटो. ट्रॅक्टर, मोटारपंप, येईल ते.
मे महिन्यात दुपारी दोनला तिथं
कुत्रंसुद्धा ट्रॉलीखालून निघत नाही.

तेव्हा ती आली. पिवळी. जमिनीला इतकी चिकटून
की गतिरोधकावर पोट घासल्याचा आवाज आधी,
मग गाडी.
दार वर उघडलं, कोंबडीनं एकच पंख उचलावा तसं,
आणि घामानं निथळता माणूस बाहेर पडला.
हीटर लावून आला होता.
सेहेचाळीस अंशांत, चाळीस किलोमीटर,
इंजिनाची आग स्वतःच्या अंगावर घेत.
"कोणं शिकवलं रे तुले?"
"बापानं. लॉरीवर होता."
नाव यादगिरी. गाडी त्याची नव्हती.
संध्याकाळी नागपुरात कुणाच्या तरी लग्नापुढे उभी करायची होती.

समोरचं झाकण उचललं तर एक सुटकेस मावेल एवढा खड्डा.
इंजिन मागे, पाठीशी.
"डिक्कीत इंजिन अन् तोंडात डिक्की," मी म्हणालो,
"उलट्या काळजाचं जनावर हाय हे."
रोशन हसला.
हसताना हात ओठांवर नेतो तो, सवयीनं.

यादगिरीनं फडकं घेतलं, टोपणाकडे हात नेला.
मी मनगट धरलं.
माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत एक गुलाबी कातडं आहे,
पेरणीच्या दिवसांतल्या एका घाईचं. ते दाखवलं.
"किती वेळ?"
"हात ठेवता येईल तोवर."

या कामाचे पैसे कुणी देत नाही.
म्हणतात, मिस्त्री तर नुसता बसला होता.
आम्ही बसलो. टाकी दुधट होती, आतला रंग बाहेरून दिसत होता,
तळाशी, बोटभर, गुलाबी.
माझ्याकडे होतं हिरवं, ट्रॅक्टरचं. ते नाही चालत,
दोन रंग आत भांडतात, गाळ होतो.
रोशनला मोटरसायकलवर धाडलं.
यादगिरी बोअरचे दोन तांबे प्यायला, उभ्यानंच.
गाडी टिकटिकत होती,
तापलेलं लोखंड आपल्या मापात परत येताना टिकटिकतं तशी.

मग पाव आटा. फुस्स.
थांबलो. आणखी पाव.
टॉर्च मारला : एका पाइपाची क्लिप ढिली,
कडेला सुकलेल्या गुलाबी पापुद्र्या. आवळली.

तोवर त्यानं बादली भरून आणलेली.
"हे नोको. क्षार हाय. पपडी धरते,
आतल्या बारीक नळ्या बुजतात."
कपाटातून कॅन काढला, बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर.
यादगिरीनं बादलीकडे पाहिलं,
मघाच्या तांब्याकडे,
मग रोशनकडे, त्याच्या दातांवरच्या तपकिरी रेघांकडे.
"एका दिवसानं काई होत नाई," मी म्हणालो.

अर्धं पाणी, अर्धं गुलाबी.
चालू केली. बुडबुडे आले, पातळी उतरली,
पुन्हा घातलं, पुन्हा उतरली.
टाकीवर दोन रेघा असतात.
वरचीला शिवायचं नाही,
तापल्यावर फुगायला जागा लागते.

पाचच्या सुमारास गेली.
गतिरोधकावर या वेळी तिरकी घातली त्यानं, सांभाळून.
मातीत चार थेंब राहिले होते.
गोड असतं ते, आणि जहर असतं.
कुत्रं ट्रॉलीखालून नाक काढत होतं,
म्हणून चुलीतली राख आणून टाकली, पायानं दाबली.

मागे रोशननं कॅनमधलं झाकणभर ओतून जिभेवर घेतलं.
"चवच नाई याले, बाबा."
मी कॅन घेतला, टोपण लावलं.
पाव आटा. मग आणखी पाव.